आधी खुंटा धर

हे वाचायला घेण्याआधी स्वयंपाकघरातून एक भांडं घेऊन या. कळशी असेल तर फारच छान, नाहीतर तांब्या चालेल, तोही नसेल तर अरुंद तोंडाची बरणी. रिकामं आणा. भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून किंवा पाय पसरून, जसं गुडघ्यांना झेपेल तसं बसा. भांडं मांडीत घ्या आणि दोन्ही तळवे त्याच्या पोटावर ठेवा. अजून वाजवायचं काही नाही. आधी ते गार लागेल. तुमच्या हाताइतकं कोमट होईपर्यंत आपल्याला कुठेही जायचं नाही.

आज मन ज्यावर ठेवायचं आहे ती गोष्ट साधी आहे. ‘आम्हाला कुठलं गाणं येतंय’ असं स्वतःच सांगणाऱ्या चारचौघी जेव्हा एकत्र बसतात आणि गातात, वाजवतात, तेव्हा तिथे काय घडत असतं? मी सांगलीत राहते. माझं आजोळ कऱ्हाडजवळचं, सातारा जिल्ह्यातलं. दोन्हीकडे कृष्णाच वाहते, आणि मी सांगणार आहे ते बरंचसं तिच्याच काठचं आहे.

सहावीत असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीत होतं. तालमीच्या चौथ्या की पाचव्या दिवशी गाणं बसवणाऱ्या बाई कान लावत रांगेतून फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव.” त्या रागावल्या नव्हत्या. उलट जपूनच बोलल्या, शेजारच्या मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेताने. कार्यक्रमाच्या दिवशी मी ओठ हलवले. गाणं छान झालं. रात्री घरी परत येताना आई म्हणाली, “एवढ्या सगळ्यांत तुझा आवाज बरोबर ओळखला गं मी.” मी काही बोलले नाही.

त्यानंतर पस्तीस-एक वर्षं मी आरतीला टाळ्या वाजवल्या आणि ओठ हलवले. मुलगा तान्हा असताना त्याला झोपवायला गुणगुणायचे, पण दार लोटून घेऊन.

तुमच्याकडेही असं एखादं वाक्य असेल. आता ते वर येऊ द्या. कुणी म्हटलं होतं, कुठे उभ्या होतात, अंगावर कोणता फ्रॉक होता, पंखा चालू होता की बंद. वाक्याशी भांडू नका, म्हणणाऱ्यालाही आत्ता माफ करायला बसू नका. नुसतं बघा की ते ऐकल्यावर शरीरात नेमकं काय आखडलं. माझा गळा आखडला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. आखडलं होतं ते पोट. आजही कुणी ‘म्हण ना एखादं’ म्हटलं की बेंबीच्या वर चार बोटं काहीतरी मूठ आवळतं. तुमची मूठ कुठे आवळली जाते ते शोधा आणि भांड्यावरचा एक हात उचलून तिथे ठेवा. घाई नाही.

आता आजीच्या घरी जाऊ.

मागच्या खोलीत, परसदाराला लागून तिचं जातं होतं. काळ्या दगडाच्या दोन तळ्या, वरच्या तळीच्या मधोमध तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. कित्येक वर्षांच्या तळव्यांनी तो खुंटा इतका गुळगुळीत झाला होता की अंधारात हात ठेवला तर लाकूड आहे की शिंग, कळू नये. दगडही झिजून गुळगुळीत व्हायचा, मग टाकीवाली यायची आणि छिन्नीने त्याला पुन्हा दात पाडून द्यायची. गावात गिरणी केव्हाच आली होती. पण भरडा, डाळी, सणावाराचं थोडंथोडकं दळण घरीच व्हायचं, आणि सुट्टीत आम्ही पोरं गेलो की पहाटे त्या घरघरीनेच जाग यायची.

आजी आणि थोरली मामी समोरासमोर बसायच्या. एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंट्यावर दोघींचे हात. एक ओढायची तेव्हा दुसरी ढकलायची. मधूनच एकीचा हात सुटायचा, सुपातला घास तोंडात पडायचा आणि हात परत खुंट्यावर यायचा, फेरा न मोडता. पीठ कडेने गोल गळत राहायचं. मी अंथरुणात पडल्या पडल्या बघायचे, की खुंटा आपल्या बाजूला ओढून घेताना आजीचं तोंड मिटलेलं असे. तो मामीकडे निघाला की हात सैल पडे, आणि त्या सैल पडलेल्या घटकेत शब्द बाहेर येत. पुढचा फेरा, पुढचे शब्द. दम पुरला नाही तर मधे ‘बाई’ यायचं, ‘गं’ यायचं. आजीची ओळ संपत आली की तिचा शेवटचा शब्द मामी उचलायची आणि पुढे न्यायची. दळायला काय घेतलंय यावरही चाल बदलायची. ज्वारी बारीक काढायची तर जातं संथ, एकसारखं बोलायचं. हरभऱ्याच्या डाळीला ते खडखडून उठे आणि ओव्याही जरा तुटक, ठसक्यात यायच्या.

ओवीची ओळ केवढी असावी, हे कुणी कागदावर मोजून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. ते दोन बायकांच्या दमाने आणि दगडाच्या वजनाने ठरलं असणार. तालाचं पुस्तक जिथे नव्हतं तिथे तालाचा दगड होता, मणभर वजनाचा. तो चुकू देत नव्हता.

एकदा मी विचारलं, “आज्जे, तुला किती गाणी येतात गं?”

तिला प्रश्नच कळला नाही. “येत्यात कुठनं?” ती म्हणाली. “बसलं की सुचत्यात.”

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. मुलाला अभ्यासाला बसवताना, अर्ज लिहायला सुरुवात करताना. वापरून वापरून ती आजीच्या खुंट्यासारखी गुळगुळीत झाली आहे. आज तिच्यापाशी जरा थांबू. त्या म्हणीत कामाचा क्रम सांगितलाय. सुचणं नंतरचं आहे. बसणं आधी. त्याहीआधी कुणीतरी समोर बसलेलं असणं, कारण एकटीला तो दगड तासभर ओढवत नाही. आणि ‘येणं’ हा शब्द त्या म्हणीत कुठेच नाही.

हे वाक्य मनात दोन-तीनदा फिरवा. ‘मला येत नाही.’ गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही, तसं गाणं येत नाही. जणू ते कुठून तरी यायचं होतं, वाट चुकलं, आणि आपल्या दाराशी पोचलंच नाही. आता आजीचा शब्द घ्या. ‘सुचतं.’ तो उच्चारताना पोटातली मूठ किंचित सैल होते का, बघा. नाही झाली तरी काही बिघडत नाही.

या बायकांनी किती सुचवून ठेवलंय, ते ऐकलं की मी अजूनही गप्प होते. पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथेच स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांत जाऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. १,००० हून अधिक गावं, ३,००० हून अधिक गाणाऱ्या बाया आणि १,००,००० हून अधिक ओव्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी आवाजांचं ध्वनिमुद्रण आणि संगणकावरचं काम सांभाळलं. प्वातवाँ २००४ साली गेले. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली, आणि गाणारीचं नाव-गाव ओवीला जोडूनच ठेवलं. मला त्या लाखाच्या आकड्यापेक्षाही हे मोठं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या ‘लोकगीत’ म्हणून जे मोकळं वाहत होतं, त्याखाली एका बाईचं नाव लिहिलं गेलं.

त्याच्याही आधी आमच्याच जिल्ह्यातली एक बाई या कामाला लागली होती. सरोजिनी बाबर. १९२० साली वाळवा तालुक्यातल्या बागणी गावात जन्मलेल्या. राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत त्यांनी बायकांची गाणी, उखाणे, खेळ, सणांचे शब्द ग्रंथांमागून ग्रंथांत नीट मांडून ठेवले. शांता शेळके आणि त्या मुंबई दूरदर्शनवर ‘रानजाई’त गप्पा मारायच्या, तेव्हा आमच्या चाळीतल्या बायका भाकरीचा तवा उतरवून बघायला बसायच्या. पडद्यावर विद्वान बाई बोलत होती आणि बोलत होती ती त्यांच्याच आईच्या गाण्यांबद्दल. त्या दिवशी आपल्याकडे काहीतरी आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

इथे मला मिरजेकडे वळायला हवं, नाहीतर माझं बोलणं अर्धवट राहील. सांगलीपासून मिरज हाकेच्या अंतरावर. तिथे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम सरत चालल्यावर ज्या हातांनी पाती घासली त्याच हातांनी भोपळे घासले. पंढरपूरकडून येणारा कडू भोपळा वाळवायचा, कापायचा, त्यावर तबली बसवायची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, १९३७ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मली. ज्या काळात घरंदाज बाईने चारचौघांत गाणं लोकांना रुचत नव्हतं, त्या काळात ती ताठ बसून गायली, आणि तिच्या त्या गाण्यामागे वर्षानुवर्षांची तालीम होती.

तालमीबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. एक स्वर लागावा म्हणून पहाटे चारला उठून खर्ज लावणारी मुलगी मी जवळून पाहिली आहे. न शिकता गाणं हे शिकून गाण्यापेक्षा थोर, असं म्हणणाऱ्यांत मी बसणार नाही. मला एवढंच दिसतं की मिरजेत तंबोऱ्याची खुंटी आहे आणि आजीच्या मागच्या खोलीत जात्याचा खुंटा आहे. खुंटी पिळून स्वर नेमका जागेवर आणायचा. खुंटा धरून सोबतिणीबरोबर फिरायचं. दोन्हीला हात लागतो.

आता भांड्याकडे या.

सांगलीच्या गावभागात माझ्या मैत्रिणीच्या सासरी अश्विन शुद्ध अष्टमीला महालक्ष्मी असते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, नवी लग्नं झालेल्या मुली पूजेला, आणि रात्री घागरी फुंकणं. कोकणस्थांच्या घरची ही रीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं की हे नुसतं बघायचं असतं. एका काकूंनी घागर उदाच्या धुरावर उपडी धरली, आत धूर भरू दिला, मग दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी आणली आणि काठावरून फुंकर घातली. हूंऽऽ असा एक जाड, खोल आवाज निघाला. फुंकर थांबली तरी तो खोलीत थोडा वेळ राहिला. मग दुसरी घागर, तिसरी, सातवी. प्रत्येकीचं पोट वेगळं. कुणाची आजेसासूची तांब्याची, कुणाची नवी पितळेची, एका बाजूला पोचा आलेली. त्यामुळे प्रत्येकीचा सूर वेगळा, आणि कुणीही ते जुळवायच्या भानगडीत पडत नव्हतं.

असं का होतं, ते सांगते. घागरीच्या गळ्यातली हवा ही दट्ट्यासारखी असते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी. फुंकरीने गळ्यातली हवा आत-बाहेर झुलायला लागते, आणि तो झुला सेकंदाला जितक्या वेळा होईल तो त्या घागरीचा सूर. पोट मोठं तर सूर खाली, आत पाणी घातलं तर वर. दोन घागरींचे सूर अगदी जवळजवळ असले, पण एक नसले, तर दोन्ही मिळून एक तिसरीच लहर उठते. वां… वां… वां… असं आवाज मोठा होतो, लहान होतो. तंबोरा लावणारा ही लहर जाईपर्यंत खुंटी पिळतो. त्या रात्री गावभागातल्या त्या माजघरात लहर काढायची कुणालाच गरज वाटत नव्हती. बायका तिच्यावर झुलत होत्या. नऊवारीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, एक तर ऑफिसातून थेट आलेली, खांद्याला अजून पर्स.

एक घागर माझ्या हातात आली. मी मान हलवून म्हटलं, मला येत नाही. काकू म्हणाल्या, “अगं, फुंकर घालता येते ना? चूल कधी पेटवलीस का?”

तुमचं भांडं उचला. तोंड त्याच्या काठाजवळ आणा, पण फुंकू नका, नुसता हुंकार द्या. ओठ मिटून, जितका खालचा जमेल तितका. मग अगदी सावकाश, जिना चढावा तसा आवाज वर वर न्या. एका कुठल्यातरी पायरीवर भांडं तुमच्या तळव्यांत थरथरेल. बरणी असेल तर थरथर बारीक असेल, कळशी असेल तर कोपरापर्यंत पोचेल. तिथे थांबा. तो त्या भांड्याचा स्वतःचा सूर आहे. तुम्ही तो शिकल्या नव्हतात, तो शोधलात, आणि शोधताना गळ्याला कुणी बरोबर-चूक म्हटलं नाही. सांगितलं ते हाताच्या कातडीने. पुन्हा करा. तीनदा, चारदा. आता भांडं खाली ठेवा आणि खोली ऐका.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही पाच जणी अशाच बसायला लागलो. एक चित्रकलेची शिक्षिका, एक गोधड्या शिवणारी, एक रांगोळ्या घालणारी, एक कुंभारकाम शिकलेली, आणि मी लिनोकट करते. पाचहीजणी हातांनी काहीतरी करणाऱ्या, पाचहीजणी गाण्यात ‘ओठ हलवणाऱ्या’. बँड म्हणावं की नाही, यावर आमचं एकमत नाही. मला तो शब्द आवडतो. पाच बायकांनी दर पंधरवड्याला दुपारी तीन ते पाच दार लावून आवाज करायचा, त्याला आणखी काय म्हणायचं?

पहिल्या दुपारी वीस मिनिटं कुणी हललंच नाही. मधोमध परात, तांबे, पळ्या, एक सूप, खलबत्ता असं सगळं मांडून ठेवलेलं, आणि आम्ही सत्यनारायणाला बसल्यासारख्या गप्प. बाहेर पाऊस. न्हाणीघरातला नळ नीट बंद झाला नव्हता, बादलीत थेंब पडत होते. गोधडीवालीच्या बोटात सवयीने अंगुस्तान होतं. थेंब पडला की तिने ते तांब्याच्या काठावर टेकवलं. टिक्. पुढचा थेंब, टिक्. मग एका थेंबाला तिने सोडून दिलं. तिला विचारलं नंतर, का सोडलंस? म्हणाली, धावदोरा घालताना टाका जेवढा वर दिसतो तेवढाच खाली जातो, खालचा दिसत नाही म्हणून तो नसतो का?

माझ्या मते आमचं संगीत त्या क्षणी सुरू झालं. न वाजवलेल्या थेंबापाशी. चित्रकलेच्या शिक्षिकेने परातीत मूठभर तांदूळ टाकून परात कलती केली, तांदूळ सरकायला लागले, नदीच्या वाळूसारखे. कुंभारीण मडक्याच्या तोंडावर तळवा मारत होती. कुणी नेतृत्व करत नव्हतं. प्रत्येकीचा कान दुसरीकडे होता, तो तसा ठेवणं भाग होतं, कारण आमच्यापाशी धरायला दुसरं काही नव्हतं. राग माहीत असता तर रागाला धरलं असतं. ते नव्हतं, म्हणून शेजारणीला धरलं.

तिसऱ्या महिन्यात मी घागरीत तोंड घालून हुंकार दिला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणूनच आत दिला होता. घागरीने तो भरून परत केला, माझ्यापेक्षा मोठ्या, वयस्कर बाईच्या आवाजात. चौघी थांबल्या. मी थांबले नाही. सहावीनंतर पहिल्यांदाच मी माणसांसमोर आवाज काढत होते, आणि पोटातली मूठ उघडली होती हे मला घरी जाताना रिक्षात कळलं.

अशा दुपारी जगात इतरत्रही होऊन गेल्यात. लंडनच्या हॉर्नसी कला महाविद्यालयात आना दा सिल्वा आणि जीना बर्च या दोघी शिकत होत्या. आना पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची, जीना नॉटिंगहॅमची. १९७७ साली ‘द स्लिट्स’ या मुलींच्या बँडला मंचावर पाहून जीनाला वाटलं की हे आपल्यालाही करता येईल. त्याच वर्षी दोघींनी ‘द रेनकोट्स’ सुरू केलं, आणि वाजवता वाजवताच वाजवायला शिकल्या. पुढे व्हायोलिन वाजवणारी विकी ॲस्पिनॉल आली, तिचं रीतसर शिक्षण झालेलं होतं. १९७९ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की शिकलेलं व्हायोलिन आणि न शिकलेली गिटार शेजारी शेजारी बसलीत, जात्यापाशी आजी-मामी बसाव्यात तशी. लय मधेच ढिली पडते, मग सगळ्या मिळून तिला उचलतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कच्चं वाटलं होतं. आता त्यात एकमेकींना सांभाळून घेणं ऐकू येतं.

पण एक दुसरी गोष्टही ध्यानात ठेवायला हवी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रीमाँट गावात विगिन बहिणी होत्या. त्यांच्या आजीने भाकीत केलं होतं की या मुलींचा बँड होईल, म्हणून बापाने त्यांची शाळा सोडवली, वाद्यं हातात दिली आणि रोज सराव करायला लावला. १९६९ साली त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’. आज जाणकार ती कौतुकाने ऐकतात. बाप गेला आणि मुलींनी वाजवणं थांबवलं. मला ती गाणी ऐकवतात, पण फार वेळ नाही. ‘ओठ हलव’ म्हणणं आणि ‘वाजवच’ म्हणणं, यांच्यात मला फारसं अंतर दिसत नाही. दोन्हीकडे मुलीला कुणी विचारलेलं नसतं.

आपल्या बाजूला, माण तालुक्यात म्हसवडला, २००८ साली माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. चेतना सिन्हांच्या माणदेशी फाउंडेशनचा सामुदायिक रेडिओ. दुष्काळी मुलूख, चारा छावण्या, मेंढरं, आणि तिथल्या बायका येऊन मायक्रोफोनसमोर आपल्या ओव्या, आपली गाणी म्हणून जातात. कुठली परीक्षा नाही, श्रेणी नाही. कधी गाडीत तो रेडिओ लागला की मी काच वर करते. भरड, उन्हातान्हात तापलेले आवाज. गाताना मधेच खोकणारे, खोकून झाल्यावर तिथूनच पुढे जाणारे.

इथे डोळे मिटा आणि तुमच्या घरातला असा एक आवाज आठवा. चुलत्याच्या लग्नात गायलेली आत्या, पंचमीला झिम्म्यात सगळ्यांच्या वर जाणारी शेजारीण, भजनी मंडळात टाळ धरणारी सासू, पालखी लोणंदला पोचली की आपसूक स्वर लावणारी आई. तिला ‘येत होतं’ का, हा प्रश्न बाजूला राहू द्या. तिचा श्वास कुठे तुटायचा ते आठवतंय का? कोणत्या शब्दावर ती हसायची?

तिच्या आवाजाबरोबर थोडा वेळ बसा. मी थांबते.

मागच्या वैशाखात आजोळी मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, मामीच आता आजी आहे, गुडघे धरलेले, डोळ्याला जाड चष्मा. हळदीसाठी जातं पुसून बाहेर काढलं. खुंट्याला सुपारी बांधली, पाच सवाष्णी बसल्या, वरून हळकुंडं पडायला लागली. बाजूला डीजेवाला तारा जोडत होता. बायका मोबाईल धरून एकमेकींचे फोटो घेत होत्या, आणि गाणं कुणीच सुरू करत नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीला येतं.

नवरीची धाकटी बहीण, दहा-अकरा वर्षांची, मामीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिने विचारलं, “आज्जी, कुठली ओवी म्हणायची असते?”

“आधी खुंटा धर,” मामी म्हणाली.

पोरीने धरला. वरून मामीने आपला हात ठेवला, शिरा उठलेला, आणि समोर माझा ओढून घेतला. पहिला फेरा जड गेला, दगड करकरला. दुसऱ्याला जरा सुटला. हळदीचा वास उठला. तिसऱ्या फेऱ्याला खुंटा माझ्याकडून सुटून त्या दोघींकडे निघाला, माझे हात सैल पडले, आणि मला जाणवलं की मामी माझ्या तोंडाकडे बघतेय.